न मोजलेल्या मापांखालची सही

प्रश्न

मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे. प्रत्येक खेपेतून 20 नग काढून मोजायचे, मापे तक्त्यात भरायची आणि खाली सही करायची, असा नियम आहे. गेल्या आठवड्यात माल पाठवण्याची घाई होती, म्हणून 5 नग मोजले आणि उरलेले 15 रकाने त्यांच्याच आसपासच्या आकड्यांनी भरले. "माल चांगलाच आहे, नुसता कागद पुरा करायचा आहे," असे वरिष्ठ म्हणाले आणि मी सही केली. कोणी चुकून जास्त पैसे हातात ठेवले तर मी ते तिथल्या तिथे परत करतो. तोच मी कामावर असा कसा वागलो?

पहिला प्रतिसाद

मूल्ये तीच असतात, आजूबाजूची माणसे बदलतात. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रम यांच्या 1963 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आपण कळ दाबली की पलीकडच्या माणसाला विजेचे झटके बसतात अशी समजूत असतानाही, 40 पैकी 26 जण केवळ प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून 450 व्होल्टच्या शेवटच्या कळीपर्यंत गेले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढच्या एका फेरीत मात्र शेजारी बसवलेल्या दोन साथीदारांनी ठरल्याप्रमाणे मध्येच नकार दिला, तेव्हा 40 पैकी अवघे 4 जण शेवटपर्यंत गेले. तुमच्या विभागात आजवर कोणी 'नाही' म्हटलेले तुम्ही पाहिले आहे का?

दुसरा प्रतिसाद

हे मान्य केले तरी त्यातून सगळा दोष परिस्थितीवर ढकलण्याची सोय होते, म्हणून मला तुमच्या वरिष्ठांचे वाक्य अधिक बोलके वाटते. 'खोटे लिहा' असे ते म्हणाले नाहीत, 'कागद पुरा करायचा आहे' म्हणाले. शब्द बदलला की प्रश्न प्रामाणिकपणाचा न राहता कारकुनीचा होतो. 27 जानेवारी 1986 च्या रात्री, थंडीत रबरी कड्या सांधा नीट बंद करणार नाहीत या भीतीने, बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेटे) बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या उड्डाणाला विरोध केला होता. तेव्हा तिथल्या एका वरिष्ठाने आपल्या सहकाऱ्याला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. उड्डाण नको ही कंपनीची शिफारस फिरली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान तुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. तुमच्या 15 रकान्यांची तुलना मी त्या रात्रीशी करत नाही, पण टोपी बदलण्याची रीत तीच आहे.

तिसरा प्रतिसाद

मी लेखापरीक्षणात आहे. नकार म्हणजे भांडणच, असे समजू नका. रकाना रिकामा ठेवावा, शेऱ्यात 'वेळेअभावी मोजले नाही' असे लिहावे आणि 5 नगांपुरतीच सही करावी. खेप सोडायचीच असेल तर वरिष्ठांनी ती स्वतःच्या सहीने सोडावी. सही स्वतःची करायची म्हटले की निम्मी घाई ओसरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मात्र गेल्या आठवड्याच्या तक्त्याचे काय? ग्राहक आजही त्यावर विसंबून आहे. तो फाडू नका. चुकीच्या नोंदी आकडे वाचता येतील अशा एका रेघेने खोडा, शेजारी कारण, आजची तारीख आणि सही घाला.

प्रश्नकर्ता

त्या खेपेतले 7 नग नमुना म्हणून राखून ठेवलेले आहेत, ते उद्या मोजतो. वरिष्ठांना आधी सांगायचे की मोजून झाल्यावर, एवढे मात्र अजून ठरत नाही.