मदत हवी आहे : आईची बारा वर्षांची झोपेची गोळी

ओंजळभर

नमस्कार. घरातल्या ज्येष्ठांची अल्प्राझोलाम कुणी हळूहळू बंद केली असेल, किंवा या विषयातलं कुणाला नीट कळत असेल, तर कृपया उत्तर द्या. फार काळजीत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आई ६८ वर्षांची. कऱ्हाडला भाऊ-वहिनीकडे असते. २०१३ साली बाबा अचानक गेले. महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा डॉक्टरांनी रात्री अर्ध्या मिलिग्रॅमची अल्प्राझोलाम लिहून दिली. पंधरा दिवसांसाठी. पुढे ती चिठ्ठी कुणी पाहिलीच नाही. औषधवाले काका ओळखीचे, पट्टी संपली की नवी यायची. मधे कधीतरी रात्रीच्या एका गोळीच्या सकाळ-संध्याकाळ दोन झाल्या. बीपीची एक, शुगरची एक, तशी ही एक, इतकंच आम्ही धरून चाललो.

गणपतीत ती पुण्याला माझ्याकडे आली आणि पट्ट्या कऱ्हाडलाच राहिल्या. इथल्या दुकानदाराने चिठ्ठीशिवाय गोळी दिली नाही (त्याचं बरोबरच होतं). मी म्हटलं, चार दिवस नाही घेतली तर काय होतंय! दुसऱ्या रात्री ती घामाने डबडबली, हात थरथरायला लागले, जिन्यात बाबांच्या चपला वाजतायत म्हणाली. तिसऱ्या दिवशी गौरीच्या नैवेद्याच्या पोळ्या लाटता लाटता तिला फिट आली. आयुष्यातली पहिली.

दवाखान्यात साखर, सोडियम, मेंदूचा स्कॅन, सगळं ठीक निघालं. मग न्यूरॉलॉजिस्टनी एकच विचारलं, "या आठवड्यात कुठली गोळी बंद झाली?" उत्तर आठवायला मला अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट मी विसरणार नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली, आई सावरली. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या गॅबा नावाच्या रसायनाचा प्रश्न आहे, एकदम तोडायची नाही, मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवायची. पण घरी आल्यावर भाऊ म्हणतो, "आईला व्यसन लागलंय, आता एकही गोळी नाही." आई मान खाली घालून बसते. वहिनीच्या अमेरिकेतल्या बहिणीने गॅबाच्या कॅप्सूल पाठवल्यात, त्यात बी-६ जीवनसत्त्व पण आहे. तिचं म्हणणं, ज्याची कमतरता आहे तेच द्या ना. शिवाय मधुमेहाने पायाला मुंग्या येतात म्हणून आईला प्रीगाबालिन चालू आहे. तेही गॅबाचंच औषध ना? मग दोन्ही एकत्र चालतात का?

भावाला समजावता येईल असं मला समजावून सांगा.

---

जुना मास्तर

ताई, मी बरीच वर्षं औषधशास्त्र शिकवलं. आधी भावाला सांगा, हे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस गोळीच्या मागे धावतो. तुमच्या आईने लिहून दिलेली गोळी मुकाट्याने घेतली, आणि शरीराला तिची सवय झाली.

आपल्या मेंदूत पेशींना चेतवणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, आणि शांत करणारं मुख्य रसायन गॅबा, म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. गंमत अशी, की पेशी गॅबा बनवते ती ग्लुटामेटपासूनच. १९५० साली ते मेंदूत सापडलं, पण त्याचं काम कळायला आणखी काही वर्षं गेली. पेशीच्या भिंतीत एक दार असतं. गॅबा येऊन बसला की ते उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्या स्वतः दार उघडत नाहीत. त्या शेजारी बसतात आणि गॅबाच्या हातून दार जास्त वेळा उघडवतात. जुन्या बार्बिट्युरेट गोळ्या मोठ्या मात्रेत गॅबाशिवायही दार उघडत, म्हणून त्या जास्त घातक ठरल्या.

आता बारा वर्षं रोज ही मदत मिळाली की मेंदू आपला तोल त्याप्रमाणे बसवतो. दारं मंदावतात, ग्लुटामेटची बाजू जोर धरते. अशात गोळी एका दिवसात काढली की गॅबा असतो, पण त्याने दार पूर्वीसारखं उघडत नाही. घाम, थरथर, भास, फिट हे सगळं त्यातून येतं. बरीच वर्षं दारू पिणाऱ्याने अचानक सोडली की जे होतं, तेच. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, म्हणून दोन-तीन दिवसांतच गाठलं.

गॅबाचं काम थांबलं तर काय होतं हे भावाला पटवायचं असेल तर धनुर्वाताची आठवण करून द्या. त्या जंतूचं विष मज्जारज्जूत गॅबा आणि ग्लायसिन बाहेर पडूच देत नाही. स्नायूंना सैल व्हायचा निरोप पोचत नाही, जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. तिथे उपचारात डायझेपाम देतात.

प्रीगाबालिनचं नाव फसवं आहे. ते आणि गॅबापेंटिन गॅबाच्या दारावर काम करतच नाहीत, कॅल्शियमच्या वाटेवर करतात. पण गुंगी दोन्हींनी येते. या वयात एकत्र घेतल्यावर रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती खरी आहे, हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. आणि तेही एकदम थांबवायचं औषध नाही.

---

पाचगणीकर

माझ्या वडिलांची क्लोनाझेपाम उतरवायला आम्हाला चौदा महिने लागले. वय ७३. डॉक्टरांचा हिशोब असा होता, की दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच-दहा टक्केच कमी करायचं, आणि त्रास वाढला तर तिथेच थांबायचं. मागे जायची घाई नाही, पुढेही नाही. एकदा मीच उतावीळ होऊन लवकर कमी केली, तर आठवडाभर ते कावरेबावरे झाले. तेव्हापासून वहीत रोज लिहायचो: किती वाजता झोपले, हात थरथरले का, चिडचिड झाली का. ती वही डॉक्टरांना आमच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

काही वेळा अल्प्राझोलामच्या जागी जास्त वेळ टिकणारी डायझेपाम देऊन मग ती कमी करतात. पण वयस्कर माणसात डायझेपाम साठत जाते, त्यामुळे तो निर्णय डॉक्टरांचाच. पट्टीवर 'एसआर' (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी) लिहिलंय का बघा, तशी गोळी तोडायची नसते.

आणि एक. आईंना विचारून करा. बाबांना अंधारात ठेवून आम्ही सुरू केलं होतं, त्यांच्या लक्षात आलं आणि दोन महिने वाया गेले.

---

गौरीची आई

मी क्षयरोगाच्या रुग्णांसाठी काम करते, म्हणून फक्त बी-६ बद्दल लिहिते. ग्लुटामेटचं गॅबा करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) बी-६ लागतंच. आयसोनियाझिड या क्षयरोगाच्या औषधामुळे बी-६ कमी पडतं, म्हणून आम्ही सोबत पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६चीच, गोळी देतो. आयसोनियाझिड चुकून खूप जास्त गेलं तर गॅबा घटून फिट येतात, आणि तिथे उतारा पायरिडॉक्सिनच असतो. पण तुमच्या आईचा प्रश्न तो नाही. त्यांच्यात गॅबा बनत नाही असं नाही, जुना मास्तर यांनी लिहिलंय तसं दारं मंदावलीत. उलट बी-६ मोठ्या मात्रेत बरेच महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात. त्यांना त्या आधीच आहेत. कृपा करून ती बाटली बाजूला ठेवा. तोंडाने घेतलेला गॅबा रक्तातून मेंदूत फारसा शिरतही नाही.

कऱ्हाडला मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत काही वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. चोवीस तास, मराठीतही बोलतात. पण पुन्हा फिट आली तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना.

---

ओंजळभर

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भावाला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. धनुर्वातापर्यंत तो गप्प होता. आमच्या चुलत्याचा धाकटा मुलगा लहानपणी धनुर्वातानेच गेला, ते भावाने पाहिलंय. मग म्हणाला, "म्हणजे मी पट्टी फेकली असती तर?" मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने फोन आईला दिला. ती म्हणाली, "अगं, मी मुद्दाम नव्हते घेत." तिला बारा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता विचारलं तर आरोपीसारखं.

गुरुवारी सकाळी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, भाऊच घेऊन जाणार आहे. तोपर्यंत गोळी आहे तशी चालू. कॅप्सूलची बाटली वहिनीने कपाटात वर ठेवली. वही आईने स्वतःच मागून घेतली, म्हणाली, माझं मी लिहीन.

पाचगणीकर, एकच विचारायचं राहिलं. एवढीशी गोळी सारखे तुकडे होतील अशी कापायला तुम्ही काय वापरत होता? सुरीने भुगा होतोय.