दोष चहाचा की तापमानाचा?

इराणच्या गोलेस्तान प्रांताचं उदाहरण देऊन अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी चहालाच जबाबदार धरलं जातं. पण तिथल्या पाहणीत मोजलेलं मुख्यतः तापमान होतं. सुमारे ५० हजार लोकांच्या त्या पाहणीत ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरहून जास्त पिणाऱ्यांना, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांपेक्षा धोका सुमारे ९० टक्के अधिक आढळला. दक्षिण अमेरिकेत वनस्पती वेगळी, माते; तिच्या पानांचं चहासारखं पेय करतात. पण तोही कढत, धातूच्या नळीने ओढला जातो आणि घोट थेट जिभेच्या मागे पडतो. २०१६ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ६५ अंशांवरची सगळीच पेयं 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. कढत नसलेल्या माते पेयावर तो शिक्का नाही.

अन्ननलिकेचं आतलं अस्तर रोज भाजलं की पेशींना सतत दुरुस्ती करावी लागते, आणि तंबाखू-दारूतली घातक द्रव्यं आत शिरायला वाट मिळते. म्हणून धूम्रपान करणाऱ्याने तर कढत पिणं टाळावंच (अर्थात आधी धूम्रपान सोडावं).

थर्मास किंवा दुहेरी भिंतीच्या मगमधून थेट पिऊ नका, त्यात पेय तासभरही ६५ च्या वर राहू शकतं. उघड्या, पसरट कपात ओता, थोडं थांबा, स्वयंपाकाचा थर्मामीटर एकदा बुडवून आपल्या कपाला किती मिनिटं लागतात ते बघून ठेवा.