कॅबिनेटचं झाकण काढलं की पीसी चालतो, लावलं की पाच-दहा मिनिटांत हँग

खिळेजुळाऱ्या

नमस्कार मंडळी. कराडात माझं डीटीपीचं दुकान आहे. शिशाचे खिळे जुळवण्यापासून या धंद्यात आहे, त्यावरून वय ओळखा. कॉम्प्युटर चालवता येतो, पण त्याच्या पोटातलं काही कळत नाही.

तुळशीचं लग्न उरकलं की आमचा हंगाम सुरू होतो आणि नेमका आत्ताच पीसी रुसलाय. आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०. गेल्या वर्षी २४० जीबीची एसएसडी (डिस्कच ती) टाकली. सकाळी मशीन नीट सुरू होतं. मी उदबत्ती लावून पत्रिकेची फाइल उघडतो, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पर्यंत येतो आणि पडदा थिजतो. घड्याळ ९:३१ वर अडकलं की तिथंच. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही. शेवटी बटण दाबून बंद करायचा.

गंमत म्हणजे झाकण काढून ठेवलं तर दिवसभर चालतो. ‘गरम होतोय’ म्हणून मेकॅनिकनं ३५० रुपयांचा जादा पंखा लावून दिला. पंखा फिरतोय छान, हँगही छान होतोय. झाकण उघडंच ठेवलं असतं, पण दुकानात मांजर आहे.

सातारी_कंदी

काका, फॉरमॅट मारा. अर्ध्या तासाचं काम.

खिळेजुळाऱ्या

अर्धा तास तुमचा. नंतर मराठी फॉन्ट आणि त्यांचे कीबोर्ड बसवायला माझे दोन दिवस जातात. तो शेवटचा उपाय.

रबरवाला

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, पुन्हा बसवा. माझे निम्मे पीसी यानंच बरे झालेत.

खिळेजुळाऱ्या

केलं. पोरानं शाळेच्या कंपासमधला रबर दिला. पट्ट्या चकाचक, पीसी ९:४० ला हँग. म्हणजे नऊ मिनिटांचा फायदा म्हणायचा.

जुनं_मदरबोर्ड

काका, आधी चालू फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मग एवढं बघून सांगा. हँग असताना कॅप्स लॉक दाबला तर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा लुकलुकतो की सलग पेटलेला असतो? आणि झाकण लावून पीसी बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर अर्धा तास सोडा. तिथं प्रोसेसरचं तापमान दिसतं आणि विंडोजचा संबंध नसतो.

खिळेजुळाऱ्या

कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो. लाल दिवा सलग पेटलेला, लुकलुकत नाही. बायोसवर चाळीस मिनिटं ठेवला, झाकण लावून. तापमान ४६ च्या वर गेलं नाही, अडकलाही नाही. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं परत गेली, ते तुमच्या खात्यावर.

जुनं_मदरबोर्ड

खातं मान्य. ४६ ला कुठलाही प्रोसेसर अडकत नाही, तेव्हा गरमीचा विषय संपला. कॅप्स लॉक चालतो म्हणजे मशीन जिवंत आहे. लाल दिवा सलग म्हणजे ते डिस्ककडून उत्तराची वाट बघत बसलंय. आता डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि सी५ (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग) आणि सी७ (केबलमधल्या चुका) या दोन ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे सांगा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या यादीत १२९ नंबरची नोंद आहे का, तेही बघा; डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही की ती पडते. ४१ नंबर दिसला तर घाबरू नका, मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच तो सांगतो, का ते सांगत नाही.

खिळेजुळाऱ्या

४१ तर रांगेनं उभे आहेत. १२९ पण सापडला, ‘स्टोरएएचसीआय’च्या नावानं, आणि रोज हँग झालेल्या वेळेलाच! सॉफ्टवेअर मात्र वर निळ्या चौकटीत ‘गुड’ म्हणतंय. सी५ ची ओळ यादीतच नाही. सी७ ला ७३६ होता. मग झाकण लावलं, हँग झाला, पुन्हा सुरू करून बघितलं तर ७५सी. आकड्यात हा सी कुठून आला? आयुष्यभर प्रूफं तपासली, ही छपाईची चूक वाटते.

जुनं_मदरबोर्ड

चूक नाही, तो दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजतो, नऊच्या पुढे ए, बी, सी असे आकडे येतात. ७३६ म्हणजे आपले १८४६ आणि ७५सी म्हणजे १८८४. एका हँगमध्ये ३८ नं वाढला. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये केबलमधून जाताना मजकूर बिघडला की सी७ वाढतो. डिस्क सहसा चांगलीच असते, म्हणून वर ‘गुड’. स्विच बंद करून पिन काढा आणि एसएसडीची लाल चपटी केबल बघा. झाकण लावल्यावर ती दबते का?

खिळेजुळाऱ्या

अहो, सापडलं! एसएसडीला स्क्रूच मारलेला नाही, डबल टेपनं चिकटवलीय, आणि केबलचं तोंड झाकणाकडे. झाकण सरकवलं की केबल दुमडते आणि तिचं टोक तिरकं होतं. टोकाला क्लिपही नाही, नुसती खुपसलेली. म्हणजे झाकण काढलं की हवा मिळत नव्हती, केबलला मान सरळ करायला मिळत होती.

रबरवाला

माझा रबर वाया गेला म्हणायचा.

जुनं_मदरबोर्ड

काटकोनात वळलेल्या तोंडाची, लोखंडी क्लिपवाली साटा केबल आणा. एसएसडी खालच्या पट्टीवर स्क्रूनं बसवा. सी७ चा आकडा केबल बदलली म्हणून शून्यावर येत नाही, त्यामुळे नव्या केबलनंतर तो किती आहे ते लिहून ठेवा. थांबला की झालं.

खिळेजुळाऱ्या

केबल ८० रुपयांना मिळाली. पत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ‘७५सी’ लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवलं. आज आठवा दिवस, झाकण बंद, आकडा ७५सी. पंखा काढला नाही, पैसे दिलेत. मांजर आता कॅबिनेटवर झोपतं.