औषध देताना-घेताना झालेल्या (आणि टळलेल्या) चुका: तुमचे अनुभव लिहा

शेवंती
पुतण्याचं डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) संपलं, सोमवारपासून त्याचं ५०० तासांचं ट्रेनिंग. त्याचा ॲप्रन इस्त्री करताना माझं ट्रेनिंग आठवलं. तालुक्याचं गाव, संध्याकाळची गर्दी. एक आजी संधिवाताची चिठ्ठी घेऊन आल्या, त्यात मेथोट्रेक्सेट. मी स्ट्रिप कापायला घेतली तेवढ्यात आमच्या सरांनी विचारलं, "आजी, ही कशी घेता?" "रोज रात्री, जेवल्यावर. पण हल्ली तोंड इतकं आलंय की आमटीसुद्धा झोंबते." सर काउंटरबाहेर आले, आजींना तोंड उघडायला लावलं. आत फोडच फोड. लगेच डॉक्टरांना फोन. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर पांढऱ्या पेशी धोकादायक खाली येतात. चिठ्ठी बरोबर होती, ही रविवारी आणि फॉलिक ॲसिड बाकीचे दिवस. दोन्ही बारीक, पिवळ्या. घरी अदलाबदल झाली. सर म्हणाले, सांगत बसू नको, आधी विचार. तुमच्याकडचंही लिहा, पुतण्याला वाचायला देणार आहे.

कोकणकडा
आजींचं काय झालं पुढे??

शेवंती
त्याच रात्री ॲडमिट केलं, बऱ्या झाल्या. कुकर लावून येते.

मधुमालती
इन्सुलिनचं लिहितेच. बाबांचं पेन बिघडलं म्हणून काकांनी त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढलं. लाल टोपण मिलीला ४० युनिटच्या वायलसाठी (बाटलीसाठी), कार्ट्रिज मिलीला १०० चं. २० च्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे ५० युनिट! टोचायच्या आधी शेजारच्या सिस्टरताईंनी पाहिलं म्हणून वाचलो. १०० ला केशरी टोपण, घरात सगळ्यांना पाठ करायला लावलंय.

दादर_लोकल
डॉक्टरांचं अक्षर हा वेगळा धागा होईल. 2016 पासून जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहायचं असा नियम आहे ना?

अनघा_क
आहे. आमचे हे डॉक्टर, यांची किराण्याची यादी मेडिकलवाल्या दादांकडून वाचून घेते 😄

रानमेवा
पॅरासिटामॉल!! बाळाच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिग्रॅ, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५. जाऊबाई ड्रॉप्स सिरपच्या मापाने देणार होत्या, म्हणजे एकदम ५००. आठ किलोच्या बाळाला! दुकानातल्या ट्रेनी मुलीने ड्रॉपरवर पेनाने खूण करून दिली होती, ती दिसली म्हणून हात थांबला. शेवंती, पुतण्याला हे नक्की सांगा. त्या मुलीला कोणी शिकवलं असेल त्याला नमस्कार.

कोकणकडा
बाळ आता केवढं झालं?

रानमेवा
शाळेत जातं, डबा परत आणतं 🙂

विदर्भपुत्र
आमच्या अण्णांनी दोन कंपन्यांची बीपीची गोळी सोबत घेतली. नावं वेगळी, आत दोन्हीत टेल्मिसार्टन. सकाळी उठता उठता चक्कर. ब्रँडखालचं बारीक अक्षर वाचायला भिंग आणलंय.

दादर_लोकल
भिंग कुठून घेतलंत? आईला हवंय.

अनघा_क
पुतण्याला शुभेच्छा. पुढे बी. फार्म. करणार का? डी. फार्म.वरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

शेवंती
हो, तेच ठरलंय. मधुमालती, टोपणाच्या रंगांचं त्याला आत्ताच विचारलं, लाल-केशरी बरोबर सांगितलं. ड्रॉप्सचं गणित वहीत घालतोय.

विदर्भपुत्र
@दादर_लोकल, स्टेशनरीच्या दुकानात. दिवा असलेलं घ्या.