मदत हवी आहे : लोकलमध्ये क्लिपा विकणाऱ्या मुलीला शाळेत कसं घालायचं?

सकाळच्या कल्याण–सीएसएमटी स्लो लोकलला लेडीज डब्यात आईबरोबर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी क्लिपा, कानातली विकते. हिशेब तोंडी, सुट्टे पैसे बिनचूक. परवा शेजारणीच्या पेपरातली अक्षरं बोटाने लावत होती, "पा... ऊ... स".

आईला विचारलं, तर म्हणाली, "ताई, जन्माचा दाखलाच नाही, कोण घेणार?" २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे मी तिला सांगितलं. पण शाळेत सोबत कुणीतरी जायला हवं, मी जायला तयार आहे.

१०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तर मायलेकींची ताटातूट तर होणार नाही ना, याची फार धास्ती वाटते. मुलुंड-कुर्ला पट्ट्यात महापालिकेच्या शाळेत असा प्रवेश कुणी करून दिलाय का? आधी मुख्याध्यापकांना भेटू की वॉर्डातल्या शिक्षण विभागाला?