मदत हवी आहे : जॉर्जियात, स्वानेतीतल्या मैत्रिणीच्या घरी पाहुणी म्हणून जाताना

सप्टेंबरअखेरीस जॉर्जियाला चालले आहे. माझी मैत्रीण स्वानेती या डोंगराळ भागातल्या उशगुलीची. कॉकेशसमध्ये सुमारे 2,100 मीटर उंचीवरचं गाव, मागे 5,000 मीटरहून उंच श्खारा शिखर. तिथले मध्ययुगीन दगडी बुरूज बघायला जगभरातून लोक येतात, मी मात्र जातेय ती तिच्या आईवडिलांना भेटायला. ऐनवेळी तिची रजा पुढे गेली, त्यामुळे ती येईपर्यंत मी एकटीच त्यांच्याकडे असेन. ते आपसात स्वान ही तिथली भाषा बोलतात, मला जॉर्जियनसुद्धा चार शब्दांपलीकडे येत नाही.

प्रवास ठरलाय. तिबिलिसीहून झुगदिदीपर्यंत रेल्वे, तिथून मार्शरुत्काने, म्हणजे प्रवासी मिनीबसने, मेस्तिया, पुढे गाडी. शेवटचा टप्पा जेमतेम 45-50 किलोमीटरचा आहे, पण पाऊस झाला तर मेस्तियातच मुक्काम करावा का?

खरी काळजी जेवणाची आहे. मी शाकाहारी आहे आणि दारू घेत नाही. खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, चालेल, बटाटा आणि चीज घोटून केलेलं ताशमिजाबी तर आवडेलच. पण स्वानेतीची शान म्हणजे कुबदारी ही भरलेली रोटी, आणि तिच्या आत मसाला लावलेलं मांस असतं. सुप्रा, म्हणजे पाहुण्यांसाठीची मेजवानी, असली की तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, एकेक करून शुभेच्छा देतो आणि दरवेळी प्याले उचलायचे असतात. त्यातला एक प्याला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने असतो. तो नुसता ओठांना लावून खाली ठेवला तर त्यांना लागेल का? सरबताचा प्याला चालतो का? तिथे कोणी न पिणारं जेवायला बसलं असेल तर नेमकं काय केलं, ते सांगा.

दुसरं, पैशांचं. ते पर्यटकांना खोल्या देतात, त्यावर त्यांचं बरंचसं वर्ष निघतं. मैत्रिणीने बजावलंय की पैशांचं नावही काढायचं नाही. पण माझ्यामुळे एक खोली अडणार, हे मला बघवत नाही. त्यांना संकोच न होता काय देता येईल? शोभेच्या वस्तूपेक्षा लांबलचक हिवाळ्यात उपयोगी पडेल असं काही द्यावं, असं मला वाटतं.

आणि हे तातडीचं : काकू फोनवर मैत्रिणीला म्हणाल्या की कुबदारी त्या स्वतः करणार आहेत. मी मांस खात नाही हे मैत्रिणीकरवी आत्ताच कळवू, की तिथे पोचल्यावर मीच सांगू?