एलएसीपीत दोन पोर्ट, पण ट्रॅफिक एकाच लिंकवरून

अंधेरी_एडिट:
अंधेरी पूर्वेला पोस्ट-प्रोडक्शन स्टुडिओ. १२ एडिटिंग मशीन व्हीलॅन २० मध्ये (व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क), नॅस (नेटवर्कवरचं सामायिक स्टोरेज) व्हीलॅन ३० मध्ये, दोन व्हीलॅनमधलं राउटिंग कोअर म्हणजे मुख्य स्विचवरच (सिस्कोचा कॅटॅलिस्ट, लेयर ३). नॅसचे १ गिगाबिटचे दोन पोर्ट एलएसीपीत (अनेक लिंकचं एक बंडल बांधणारा प्रोटोकॉल) आहेत, दोन्ही बंडल झालेले दिसतात. तरी सगळे एकदम फुटेज वाचायला लागले की एकूण वेग सेकंदाला ११२ एमबीच्या आसपास अडकतो. एक पोर्ट तुडुंब, दुसरा रिकामा. केबली बदलून झाल्या.

रॅकवाला:
केबलीचा काही संबंध नाही. एलएसीपी फक्त बंडल बांधतं, कुठली फ्रेम कुठून जाणार हे हॅश (पत्त्यांवरून काढलेला आकडा) ठरवतो आणि एक फ्लो (दोन टोकांमधला एक डेटाप्रवाह) कायम एकाच लिंकवर राहतो. हे मुद्दाम आहे. एका फ्लोची पॅकेटं दोन वाटांनी गेली तर क्रम उलटसुलट होतो. तीच पोच पुन्हा पुन्हा, म्हणजे तीन डुप्लिकेट अ‍ॅक आले की टीसीपी पॅकेट हरवलं असं धरून पुन्हा पाठवतो आणि वेग उतरवतो.

तुमच्याकडे हॅश बहुधा मॅकवर (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर) आहे. व्हीलॅन ओलांडताना कोअर स्विच फ्रेमवर स्वतःचा मॅक लावतो, म्हणून नॅसच्या लेखी बाराही मशीनचा मॅक एकच. पाठवणारा-घेणारा मॅकची जोडी एक, हॅश एक, लिंक एक.

आणि लिंक निवडतो तो पाठवणारा, हे हमखास विसरलं जातं. वाचताना डेटा नॅसकडून निघतो, त्यामुळे स्विचवर काहीही बदललंत तरी वाचन सुधारणार नाही. नॅसच्या बाँडिंगमध्ये (पोर्ट जोडायच्या सेटिंगमध्ये) हॅश पॉलिसी लेयर २ (फक्त मॅक) वरून लेयर २+३ (मॅक आणि आयपी) करा. लेखनासाठी स्विचवर ‘पोर्ट-चॅनल लोड-बॅलन्स एसआरसी-डीएसटी-आयपी’ द्या. बऱ्याच कॅटॅलिस्टवर ही सेटिंग अख्ख्या स्विचला लागू होते, म्हणून काम रात्री करा.

पॅकेटमास्तर:
चाचणी निदान तीन-चार मशीनवरून घ्या. एकाच मशीनवरून आयपर्फचे (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) आठ स्ट्रीम सोडलेत तरी आयपीची जोडी तीच, फरक दिसणार नाही.

काही स्विच आयपीचे फक्त शेवटचे बिट एक्सॉर करतात (दोन पत्त्यांचे बिट सारखे तर ०, वेगळे तर १). लिंक दोन असतील तर एकच बिट मोजला जातो. सगळ्यांना .१०, .१२, .१४ असे सम आकडे वाटले असतील तर पुन्हा सगळी गर्दी एका लिंकवर. सलग आकडे द्या.

अंधेरी_एडिट:
नॅसवर २+३ केलं, एकूण वाचन सेकंदाला २०० एमबीच्या वर गेलं. पण कलरिस्टला (रंग सुधारणाऱ्याला) एकट्यालाच २०० हवेत.

रॅकवाला:
मग बंडलचा नाद सोडा, एका फाइल कॉपीला एकच लिंक मिळणार. नॅसला आणि त्या मशीनला १० गिगाबिटची कार्डं घाला, स्विचवर तसे दोन पोर्ट आहेत का ते आधी बघा. रॅकमध्येच असेल तर ३ मीटरपर्यंत डॅक केबल (थेट जोडायची तांब्याची केबल) पुरते, मजला वेगळा असेल तर फायबर किंवा कॅट ६ए. एसएमबी मल्टिचॅनलनेही (एकच फाइल कॉपी अनेक कनेक्शनवर वाटायची सोय) जमतं, पण त्याला दोन्ही टोकांना दोन-दोन पोर्ट लागतात. राउंड-रॉबिन बाँडिंगमध्ये पॅकेटं आळीपाळीने दोन्ही लिंकवरून जातात, म्हणजे वर सांगितलेला उलटसुलट क्रम; त्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून लेखी घ्या.